सेटिंगच्या पुड्या

माझी बायको सुनंदा जिवंत आहे. हे आधीच सांगून टाकतो. असं लेखन बहुधा दवाखान्याच्या बाकावर बसलेला माणूस वाचतो, आणि त्याला शेवटाची धाकधूक लावणं बरं नाही. बाकी मात्र जे सांगणार आहे ते चांगलं नाही. त्यातलं बरंचसं माझ्या हाताने झालं.

मी डॉक्टर नाही. बारावी झालो आणि तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत लागलो. आजार सुनंदाला झाला. मी फक्त शेजारी बसलो होतो. पण शेजारी बसणारा माणूस काय काय करू शकतो, हे मी लिहिलं नाही तर कोण लिहिणार?

पुड्या

आम्ही सरावलीत राहतो. मी एका औषध कंपनीच्या फिलिंग विभागात अकरा वर्षं ऑपरेटर होतो. आमच्याकडे पोटासाठीच्या चांगल्या जंतूंची पावडर पुड्यांमध्ये भरली जायची. फिकट बदामी रंगाची, दुधाच्या पावडरीसारखी. ते जंतू वाळवून झोपवलेले असतात. पाणी लागलं की जागे होतात. म्हणून आमच्या खोलीतली हवा इतकी कोरडी ठेवायचे की पाळी संपेपर्यंत ओठ फुटायचे.

पाळीच्या सुरुवातीला मशीन लावताना पहिल्या चाळीस-पन्नास पुड्या वजनात कमी-जास्त येतात. त्यांच्यावर छपाईही नसते. त्यांना आम्ही सेटिंगच्या पुड्या म्हणायचो. नियमाने त्या नष्ट करायच्या. पण पावडर तीच, हवा तीच, हात आमचेच. सगळेच चार-दोन पुड्या मोज्यात घालून घरी न्यायचे. मीही नेल्या. चोरी वाटायची नाही. बोटीवरचा माणूस घरी कालवणापुरती मासळी नेतो, तसं वाटायचं.

आमच्या चाळीत माझी पावडर प्रसिद्ध होती. शेजारच्या वनिताताई सकाळी दारात उभ्या राहायच्या. "अशोकभाऊ, दोन पुड्या द्या ना. पोरगं पहाटेपासून चारदा बसलं." कोणी ती दुधाला विरजण म्हणून लावायचं, कोणी इडलीच्या पिठात टाकायचं. माझ्या सासूबाई समुद्रकाठच्या नवापूरच्या, जन्म सुकी मासळी विकण्यात गेलेला. त्यांनी पहिल्यांदा पुडी पाहिली तेव्हा उलटसुलट करून म्हणाल्या, "जंतू इकत घेऊन खातात? आमच्या बोंबलात फुकट भेटतील की जावयबापूंना."

मी हसून त्यांना समजावलं होतं. मला समजावता यायचं. दर वर्षी मुख्य कार्यालयातून एक मॅडम येऊन आम्हाला प्रशिक्षण द्यायच्या, आणि मी पहिल्या बाकावर बसायचो. त्या सांगायच्या, जंतूला तीन परीक्षा द्याव्या लागतात. पहिली, जठरातलं आम्ल. त्यातून जगून निघणं. दुसरी, पित्त. तिसरी सगळ्यात मोठी. आतड्याच्या आतल्या बाजूला बुळबुळीत थर असतो, त्याला धरून राहणं. पडद्यावर एक चित्र होतं. जंतूच्या अंगावर केसांसारखे धागे आणि ते धागे त्या थरात रुतलेले. "जो धरून राहत नाही तो वाहून जातो," मॅडम म्हणायच्या. "आपला जंतू धरून राहतो. कायमचा नाही, पाहुण्यासारखा काही दिवस. पण तेवढ्या दिवसांत काम करतो."

हे मी चाळीत शंभरदा सांगितलं असेल. सांगताना दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून दाखवायचो. बायका ऐकायच्या. सुनंदाही ऐकायची, हातातलं काम थांबवून. नवऱ्याला काहीतरी येतं, असं तिच्या चेहऱ्यावर दिसायचं. मला ते आवडायचं.

गणपतीपासून होळीपर्यंत

गणपतीच्या सुमारास सुनंदाच्या पोटात दुखायला लागलं. जेवल्यावर उजवीकडे कळ यायची, पोट गुरगुरायचं, मग दोन-तीन दिवस जुलाब. मी पुडी दिली. थांबलं. पुन्हा सुरू झालं. पुन्हा पुडी.

दिवाळीत ब्लाउज ढिले झाले. ती गमतीने म्हणाली, "बघा, न खाता बारीक झाले." संध्याकाळी अंग कोमट लागायचं. आमची मुलगी नेहा पालघरला कॉलेजात आहे, ती म्हणाली, "पप्पा, आईला एकदा मोठ्या डॉक्टरांना दाखवू या." मी म्हणालो, "आतड्यातले जंतू बिघडलेत. महिनाभर नियमाने पावडर घेतली की बसेल."

नियमाने. हा शब्द मी वापरला.

सासूबाई माघात आल्या, तेव्हा लेकीचं मनगट धरून बघत राहिल्या.  तिला म्हणाल्या, "सुने, तुझ्या बांगड्या कोपरापर्यंत चढतात गं. नवऱ्याची पुडी खाते का पुडी तुला खाते?" सुनंदा हसली. मीही हसलो.

घाबरलो नव्हतो असं म्हणणार नाही. संध्याकाळचा ताप मला माहीत होता. माकुणसारला माझा चुलता छातीच्या टीबीने गेला, तेव्हा त्यालाही दिवेलागणीला असाच ताप यायचा. पण हिला खोकला नव्हता. खोकला नाही म्हणजे ते नाही, असं मी स्वतःला पटवलं. माणूस अडाणी असतो तेव्हा निदान विचारतो तरी. अर्धवट कळणारा विचारत नाही.

निदानाचा दिवस

होळीच्या आदल्या दिवशी ती ओट्यापाशी वाकली आणि तशीच खाली बसली. मी कामावर होतो. वनिताताईंच्या थोरल्या मुलाने रिक्षाने तिला बोईसरला नेलं, तिथून पालघरला. मी पोहोचलो तेव्हा तिचं पोट पाटासारखं कडक झालं होतं आणि ती बोलत नव्हती. नुसते डोळे फिरवत होती.

सर्जननी एक्स-रे उजेडापुढे धरला. "आतड्याला भोक पडलंय. आत्ताच्या आत्ता उघडावं लागेल. किती दिवस दुखतंय?"

"आठ-दहा दिवस," मी म्हणालो.

नेहा माझ्या मागे उभी होती. ती म्हणाली, "सहा महिने."

सर्जननी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि कागदावर तिचं उत्तर लिहिलं.

शस्त्रक्रिया चार तास चालली. ते बाहेर आले तेव्हा टोपी काढून कपाळ पुसत होते. आतड्याचा टीबी दिसतोय, म्हणाले. तपासणीला तुकडा पाठवलाय, पण त्यांना शंका नव्हती. खराब झालेला भाग कापून काढला. उरलेलं लगेच जोडण्यासारखं नव्हतं, म्हणून आतड्याचं तोंड पोटावर बाहेर आणलं. आता काही महिने पिशवी लागेल. "लवकर आला असतात तर गोळ्यांवर भागलं असतं," ते म्हणाले. रागाने नाही, सहज. पाऊस पडला असता तर, असं म्हणावं तसं.

ते वाक्य मी रोज ऐकतो. कोणी बोलत नसलं तरी.

वॉर्ड

दवाखान्यात दिवसाला स्वतःची घड्याळं असतात. सहाला रक्तदाब. सातला झाडू. साडेआठला डॉक्टर. दहाला ड्रेसिंग. मग चहाची किटली. मग दुपारभर पंख्याचा आवाज. चारला भेटणारे येतात आणि सगळे एकच प्रश्न विचारतात, "कसं आहे?" 

सुनंदाला तोंडाने काही द्यायचं नव्हतं. तिच्या मानेत एक नळी घातली होती. ती आत मोठ्या शिरेतून जवळजवळ हृदयाच्या दारापर्यंत जाते, असं सिस्टरनी सांगितलं. त्यातून दुधासारखं पांढरं पोषण थेंबाथेंबाने जायचं. पोटावर पिशवी. पहिल्या दिवशी तिने पिशवी पाहिली आणि चादर वर ओढली. दोन दिवस मला पांघरुणाला हात लावू दिला नाही.

तिथे एक आयामावशी होत्या, डहाणूकडच्या डोंगरातल्या. त्यांनी तिसऱ्या दिवशी पडदा ओढून घेतला आणि सुनंदाला म्हणाल्या, "लाजते काय गो? माजा नवरा दारू पिऊन वकायचा ते मी चवदा वरसं धुतलं. ही तं तुजी सोन्याची पिशवी हाय." पडद्यामागून मला सुनंदाचं हसू ऐकू आलं. टाके दुखले म्हणून ती हसता हसता रडली. त्या मावशींचे मी कधी पुरते आभार मानू शकलो नाही. अशी माणसं तुम्हालाही भेटतील. त्यांना नावाने हाक मारा. आम्ही सगळे नुसतं मावशी म्हणत राहिलो.

दहाव्या दिवशी घोट-घोट पाणी आणि शहाळं द्यायला परवानगी मिळाली. त्याच दिवशी पिशवीत पाण्यासारखं जास्त यायला लागलं. डॉक्टर म्हणाले, चालतं, आतडं कमी झालंय, वेळ लागेल. मला ते सोसवेना. एवढी प्रतिजैविकं चढतायत, म्हणजे आतले चांगले जंतू सगळे मेले असणार, हे मला प्रशिक्षणात कळलेलं होतं. आणि माझ्या खिशात उपाय होता.

मी घरून सेटिंगच्या पुड्या आणल्या.

माझे हात

हे नीट सांगतो, कारण हे सांगण्यासाठीच बसलो आहे.

सकाळी झाडू झाला आणि सिस्टर दुसऱ्या टोकाला गेल्या की मी पुडी फाडायचो. शहाळ्याच्या पाण्यात पावडर ढवळायचो आणि चमच्याने तिला द्यायचो. ही पावडर फार हलकी असते. पुडी फाडली की धूर निघाल्यासारखी उडते. कारखान्यात तोंडावर पट्टी, हातात मोजे, अंगावर डोक्यापासून पायापर्यंत झगा असतो. वॉर्डात मी उघड्या बोटांनी, पलंगाच्या कडेला बसून, तिच्या छातीपासून वीतभर अंतरावर पुडी फाडायचो.

पहिल्या दिवशी ती म्हणाली, "डॉक्टरांना इचारलंत का?"

"यात विचारायचं काय? मी रोज भरतो ते."

"बरं," ती म्हणाली आणि तोंड उघडलं.

मानेतल्या नळीची चिकटपट्टी तिला खाजायची, ओढायची. "जरा सारखं करा ना," ती म्हणायची. मी सारखं करायचो. पट्टीची कड दाबायचो, नळीची टोपणं उलटी झाली असली तर वळवायचो. त्याच बोटांनी. एकदा पट्टीच्या कडेला बदामी रंगाची पूड दिसली, ती मी अंगठ्याने पुसली. पुसली म्हणजे काय केलं, ते तेव्हा कळलं नाही. आठ दिवस हे चाललं.

सोमवार

शनिवारी थंडी वाजून ताप आला. पलंग हलत होता. रविवारी पुन्हा. रक्त घेऊन तपासणीला मुंबईला पाठवलं आणि भारी औषध सुरू केलं. सोमवारी ताप तसाच. सर्जनबरोबर एक तरुण डॉक्टर मॅडम असायच्या. फाइल घेऊन त्या एकट्याच आल्या आणि पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या.

"काका, रक्तात काहीतरी वाढतंय. पण असा जंतू सहसा रक्तात नसतो. कदाचित नमुना घेताना त्वचेवरचं काही आलं असेल, म्हणून परत पाठवलंय. एक विचारायचं होतं. आमच्याव्यतिरिक्त तुम्ही यांना काही देताय का? काढा, भस्म, गावठी औषध, कुठली पावडर? राग नाही धरणार. फक्त कळायला हवं."

मॅडमनी पावडर हा शब्द उच्चारला होता.

माझ्या शर्टाच्या खिशात तेव्हा दोन पुड्या होत्या. नाव न छापलेल्या. त्या बाहेर काढल्या असत्या तर त्यांनी विचारलं असतं, कुठून आणल्या? मग कंपनीला फोन गेला असता. अकरा वर्षांची नोकरी, कंपनीचं आरोग्यकार्ड, ज्याच्यावर हा पलंग चालला होता, ते सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. आणि आणखी एक गोष्ट, जिची जास्त लाज वाटते. ती पावडर वाईट असू शकते हे मला मान्यच करायचं नव्हतं. मी शहाणा माणूस होतो. पहिल्या बाकावरचा.

"नाही," मी म्हणालो. "काही नाही."

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. तापाने तिचे डोळे चकाकत होते. मग तिने डोळे मिटले आणि मान पलीकडे वळवली.

मॅडमनी लिहून घेतलं आणि गेल्या.

तिने मला वाचवलं, असं मला त्या क्षणी वाटलं. नवऱ्याची नोकरी जाऊ नये म्हणून बाई गप्प बसली. मंगळवारी मी पुडी दिली नाही. जिन्याखालच्या कचरापेटीत दोन्ही टाकल्या. पण बोललो नाही. मंगळवारचा पूर्ण दिवस मी बोललो नाही. तिला थंडी भरायची, मी तिच्या पायांवर दोन घोंगड्या टाकून वरून हात दाबून बसायचो, आणि तिच्या पायांना सांगायचो की उतरेल, उतरेल.

बुधवार

बुधवारी दुपारी अहवालाचा कागद आला. नेहाने काउंटरवरून आणला आणि वॉर्डाच्या दाराशी उभी राहून वाचायला लागली. रक्ताच्या दोन्ही बाटल्यांत तेच उगवलंय, असं लिहिलं होतं. खाली जंतूचं नाव होतं.

"लॅक्टो... लॅक्टोबॅ... बॅसिलस," ती अडखळत वाचत होती. "पुढचं काय आहे हे? ऱ्हॅ... ऱ्हॅम..."

"ऱ्हॅम्नोसस," मी म्हणालो.

ते नाव अकरा वर्षं रोज माझ्यासमोर ड्रमवर चिकटवलेलं असायचं. आधी तोंडातून गेलं, मग कळलं.

नेहाने कागदावरून मान वर केली. "पप्पा, तुम्हाला कसं माहीत?"

 तिला सांगायची गरज उरली नव्हती. तीसुद्धा लहानपणापासून त्या पुड्या खाऊन वाढली होती, आणि गुंतवलेल्या बोटांची ती गोष्ट तिला पाठ होती.

"तुम्ही आईला इथे दिली? इथे?"

"थोडी."

"आणि डॉक्टरांना सांगितलंत?"

सासूबाई बाकावर बसल्या होत्या. नवापूरहून रोज दोन रिक्षा बदलून यायच्या. त्यांना इंग्रजी नाव कळलं नाही, पण आमचे चेहरे कळले. "काय झालं? काय केलं यानं?" त्या म्हणाल्या. मग त्या उठल्या, माझ्यासमोर आल्या आणि हळूच बोलल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "जावयबापू, पोटातलं वकून टाका. माझी पोर मरते हाय."

नेहा म्हणाली, "तुम्ही सांगता का मी सांगू?"

मी सांगितलं. डॉक्टरांच्या खोलीत, उभ्या-उभ्या. किती दिवस, किती पुड्या, कुठे बसून, कुठल्या बोटांनी. मॅडम लिहीत होत्या, मध्येच त्यांनी पेन खाली ठेवलं. सर्जन फोनवर कोणाशी तरी इंग्रजीत बोलले. मग मला म्हणाले, "आम्ही जे औषध देत होतो, त्याला हा जंतू मुळातच दाद देत नाही. हे सोमवारी कळलं असतं तर औषध सोमवारी बदललं असतं."

त्याच तासाला मानेतली नळी काढली. औषध बदललं.

तो जंतू आत कसा शिरला, हे मी नंतर विचारलं. आतड्याच्या जखमी भिंतीतून गेला का माझ्या बोटांवरून नळीत? मॅडम म्हणाल्या, नक्की सांगता येणार नाही. दोन्ही दारं उघडी होती. निरोगी माणसाच्या पोटात हाच जंतू काही करत नाही, उलट उपयोगी पडतो. पण ज्याची आतड्याची भिंत फाटलेली आहे, अंगात ताकद नाही, आणि थेट शिरेत नळी आहे, त्याच्यासाठी तो वेगळा असतो. "आणि हे जंतू चिकटतात फार," त्या म्हणाल्या. "प्लास्टिकलाही."

मी मान हलवली. मला माहीत होतं.

झडप

तीन दिवसांत ताप उतरला. मी मारुतीला नारळ फोडायला गेलो. परत आलो तेव्हा सर्जन सुनंदाच्या छातीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकत होते. मग त्यांनी जागा बदलली आणि पुन्हा ऐकलं.

सोनोग्राफीच्या पडद्यावर तिचं हृदय दिसत होतं. एक झडप उघडत होती, मिटत होती. तिच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी लोंबत होतं आणि प्रत्येक ठोक्याला हलत होतं. धरून राहिलं होतं.

तेव्हा मला प्रशिक्षणातल्या मॅडमचं ते चित्र आठवलं. केसांसारखे धागे. जो धरून राहत नाही तो वाहून जातो.

सहा आठवडे इंजेक्शन. दाणा विरघळला, पण झडप आता नीट मिटत नाही. थोडं रक्त मागे गळतं. पुढे-मागे शस्त्रक्रिया लागेल, का नाही लागणार, ते वर्षावर्षाला बघायचं. ते दोन दिवस वाचले असते तर झडप वाचली असती का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "असं सांगता येत नाही." दया म्हणून म्हणाले की खरंच सांगता येत नाही, ते मी ठरवू शकलो नाही.

नंतर

टीबीच्या गोळ्या पूर्ण झाल्या. पोटाची पिशवी गेली, आतडं जोडलं. तिचं वजन थोडं भरलं. आम्ही दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्याच्या खोलीत आलो, कारण जिना चढताना तिला मध्ये बसावं लागतं. नवापूरला गेली की आईची टोपली उचलून वाळवणापर्यंत न्यायची तिला हौस होती. आता ती खाटेवर बसून बघते.

कंपनीत मी स्वतः जाऊन सांगितलं. इतर कोणाचं नाव घेतलं नाही. त्यांनी राजीनामा लिहून घेतला. आता मी खोक्यांच्या एका गोदामात आहे. कंपनीत माझ्याबरोबर काम करणारा रामसजीवन एकदा बाजारात भेटला, म्हणाला, "भैया, आपके जाने के बाद सेटिंग का माल मशीन के पास ही कैंची से काट देते हैं. सब आपको गाली देते हैं." मी म्हटलं, देऊ दे. कात्री आली, ते बरं झालं.

नेहा माझ्याशी बोलते. कामापुरतं बोलते. घरी असली की आईच्या औषधांचा डबा तीच भरते. मला भरू देत नाही. मी मागत नाही.

तुमचं माणूस आत असेल आणि तुम्ही बाहेर बसला असाल, तर एवढंच सांगतो. मानेतल्या, हातातल्या नळीला स्वतः हात लावू नका. पट्टी ओढत असेल तर सिस्टरना बोलवा, त्या चिडल्या तरी बोलवा. घरून आणलेली कुठलीही गोष्ट, दह्यासारखी निष्पाप असली तरी, विचारल्याशिवाय देऊ नका. आणि डॉक्टर विचारतील तेव्हा सांगा. त्यांनी विचारलं नाही तरी सांगा. पोट सहा महिने दुखत असेल तर सहा महिने म्हणा. आठ-दहा दिवस म्हणू नका.

आणखी एक राहिलं.

गेल्या पंधरवड्यात आम्ही हृदयाच्या तपासणीला गेलो होतो. परत आलो आणि ती दारात पाटावर बसून सुका जवळा निवडायला लागली, सासूबाईंनी पाठवलेला. मी उंबऱ्यावर बसलो. हे सगळं लिहायचं डोक्यात होतं, म्हणून वर्षभर मनात धरलेलं तिला बोलून टाकलं.

"त्या सोमवारी तू गप्प बसलीस. माझी नोकरी जाऊ नये म्हणून. एवढा ताप असताना. ते मी कधी विसरणार नाही."

तिने वर पाहिलं. बोटांत जवळ्याचा कचरा होता. "कुठला सोमवार?"

मी सांगितलं. मॅडम, फाइल, प्रश्न, तिने मिटलेले डोळे.

"तुमच्या नोकरीसाठी?" ती म्हणाली. तिला खरंच नवल वाटलं होतं. "नाय हो. नोकरीचं कोणाला सुचतं तवा? मॅडमनी पावडर म्हटल्यावर मी बघितलं तुमच्याकडं. तुमी नाय म्हटलं. मी म्हटलं, यांना त्यातलं कळतं. यांना नक्की माहीत असेल की पुडीचा संबंध नाय, उगाच डॉक्टरांना कशाला गोंधळात टाकायचं, म्हणून नाय म्हटलं असेल." ती पुन्हा सुपात बघायला लागली. "मला बरं वाटलं जरा. डोळे मिटले."

वर्षभर मी एका गोष्टीवर उभा होतो. आम्ही दोघांनी मिळून ते लपवलं, तिने माझ्यासाठी, ही एवढी फळी होती पायाखाली. तिने ती काढून घेतली, आणि काढली हे तिला कळलंही नाही. ती माझ्यासाठी खोटं बोलली नव्हती. तिने माझ्यावर विश्वास ठेवला होता.

सुपातला अर्धा जवळा निवडायचा राहिला होता. तिला धाप लागली होती थोडी. तिने सूप माझ्याकडे सरकवलं.

"धरा. मी टेकते जरा." मग नेहमीसारखं विचारलं, "हात धुतलेत ना?"

"धुतलेत," मी म्हणालो.

खरंच धुतले होते. तरी उठलो, आत मोरीत गेलो आणि पुन्हा धुतले.